नदी चढते कशी, उतरते कशी

श्रोतेहो, नमस्कार. जुलै महिन्यात निपाणी-चिक्कोडी भागात एक प्रश्न हमखास कानावर येतो, "हितं तर ऊन पडलंय, मग पाणी कुठनं चढायलंय?" दूधगंगा आणि वेदगंगा येतात राधानगरी-भुदरगडच्या डोंगरातून. तिथल्या पावसाच्या मानानं आपल्याकडे अगदी थोडा पडतो. म्हणून पावसाळ्यात आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून नदीचा अंदाज बांधू नये. नदीच बघावी.

पहिली खूण रंगाची. आसपासच्या काळ्या रानातलं पाणी ओढ्यांतून आलं की नदी काळपट, मातकट दिसते. पाऊस थांबला की हे पाणी लवकर उतरतं. पाण्याला तांबूस झाक आली, की घाटाकडची जांभ्याची माती उतरू लागली म्हणायची. हे पाणी टिकतं. त्यात काटक्या, पालापाचोळा आणि फेस जोरात वाहत असेल, तर नदी अजून चढतीला आहे, कारण वाढतं पाणी काठावरचा नवा कचरा उचलत असतं. कचरा विरळ झाला की चढ बहुधा मंदावतो. बहुधा एवढ्यासाठी, की वर काळम्मावाडीच्या धरणातून विसर्ग वाढवला तर सगळा हिशेब बदलतो.

बातमीत क्युसेकचा आकडा येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पण त्यानं आपल्या काठाला किती फूट पाणी चढेल, ते पात्राच्या रुंदीवर आणि खालच्या अडथळ्यावर ठरतं. त्यापेक्षा उतारावर फुटाफुटाच्या उंचीच्या फरकानं खुंट्या मारा आणि दर तासाला वाचून वेळेसकट लिहून ठेवा. पाणी किती आहे यापेक्षा तासाला किती चढलं, हे महत्त्वाचं. तासाला ४ इंचांची चढ तशीच राहिली, तर ९ तासांत ३ फूट. काठावरची पंपाची मोटार पाण्यापासून ३ फूटच उंच असेल, तर ती दिवस मावळायच्या आत वर ओढलेली बरी. रात्री चिखलात सक्शन पाइप आणि फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या तोंडाची झडप, सोडवत बसणं हा शहाणपणा नव्हे.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. पाणी चढतंय, पण धार मात्र मंद झाली आहे. बघणाऱ्याला वाटतं, जोर ओसरला. खरं तर हा फुगवटा असतो. दूधगंगा कल्लोळजवळ कृष्णेला मिळते. कृष्णेत कोयना, वारणा, पंचगंगेचं पाणी भरून आलं, की दूधगंगेला पुढे जायला वाट मिळत नाही. मग ती मागे दाटते आणि शेतात, पाणंदीत पसरते. असा फुगवटा वरचा पाऊस थांबल्यावरही उतरत नाही. कृष्णा उतरली तरच तो उतरतो. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज या ठिकाणचे बुटके पूल-बंधारे पाण्याखाली गेले, की वाहन घालू नये. पाणी संथ दिसलं तरी खालचा कठडा आणि भराव शाबूत आहे की नाही, हे वरून कळत नाही.

उतरतं पाणीही निर्धोक नसतं. काठाची माती भिजून जड झालेली असते आणि तिला बाहेरून रेटून धरणारं पाणी झपाट्यानं खाली जातं. म्हणून काठ ढासळतात ते बरेचदा पूर ओसरताना. काठाला समांतर भेग दिसली, की तिच्या नदीकडच्या बाजूला पाय ठेवू नका आणि मोटार बसवायची घाई करू नका.

उन्हाळ्यातली नदी थोडक्यात सांगतो. बंधाऱ्यात अडवलेल्या पाण्यावर हिरवं शेवाळ दाटलं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, की पाण्यातला प्राणवायू कमी झाला आहे. रात्री शेवाळही तोच वापरतं. अशात वळवाच्या पहिल्या सरीबरोबर गटाराची घाण आत आली की मासे मरतात. ते पाणी जनावरांनाही दाखवू नये.

शेवटचं काम दिवाळीच्या रंगकामाआधी करायचं. भिंतीवर राहिलेल्या पुराच्या रेघेशी खिळा ठोका, बाजूला साल कोरा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या रेघा काही घरांवर अजून असतील, त्यांनाही खिळा मारून घ्या. चुना चढला की त्या गेल्या.