लाइट गेली की लागतं ते स्टेशन

(दृश्य: पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीची गच्ची. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, आणि टाकीच्या शिडीपासून समोरच्या अशोकाच्या झाडापर्यंत गेलेली एक बारीक तार.)

ही तार कपड्यांसाठी नाही, ती माझ्या रेडिओची अँटेना आहे. सोसायटीत हे अजून सगळ्यांना पटलेलं नाही. पंधरा दिवसांतून एकदा तरी कुणाची ओढणी तिच्यावर सापडतेच.

तार वीसेक मीटरची, साधी, प्लास्टिकचं वेष्टन असलेली. तिच्या एका टोकाला छोटी डबी आहे. डबीत फेराइटची एक रिंग, रिंगवर तीन तारा एकत्र धरून घेतलेले नऊ वेढे, आणि झाकणाच्या कडेनं पावसाची धास्ती म्हणून एम-सील. लांब तार आणि केबल यांचा स्वभाव जुळत नाही, तो जुळवून द्यायचं काम या रिंगचं. तिथून केबलवाल्यानं मागे सोडलेली वायर खिडकीतून माझ्या खोलीत येते.

(दृश्य: टेबल. लॅपटॉप, त्याला खोचलेली बोटभर लांबीची यूएसबी काडी. पडद्यावर वरून खाली सरकणाऱ्या निळ्या-पिवळ्या रेघा.)

हा माझा रेडिओ. बटणं नाहीत, काटा नाही. ही काडी मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघायला बनवली होती. 2012 च्या सुमारास काही हौशी प्रोग्रामरांच्या लक्षात आलं, की हिच्यातली चिप हवेतून आलेला सिग्नल जवळपास कच्चाच, आकड्यांच्या रूपात काँप्युटरकडे देऊ शकते. मग स्टेशन वेगळं काढणं, गाळणं, त्याचा आवाज करणं ही सगळी कामं सॉफ्टवेअरनं करायची. चार-पाच लाकडी पेट्या भरतील एवढी यंत्रसामग्री एका प्रोग्रामात आली.

एक गोम आहे. ही साधी काडी साधारण 24 मेगाहर्ट्झच्या खाली ऐकत नाही, आणि दूरदेशीची स्टेशनं जिथे ऐकू येतात ती शॉर्टवेव्ह पसरलीय 3 ते 30 मेगाहर्ट्झमध्ये. म्हणजे खरी मजा नेमकी तिच्या टप्प्याबाहेर. त्यावर दोन उपाय. एक तर मधला ट्यूनर वगळून अँटेना थेट आतल्या चिपला जोडायची, किंवा आलेला सिग्नल एका छोट्या सर्किटनं उचलून वरच्या फ्रिक्वेन्सीवर न्यायचा. मी पहिला उपाय केला, डाग देताना एक काडी जाळली, आणि मग मुकाट्यानं दुसरा केला.

पडद्यावरच्या या चित्राला वॉटरफॉल म्हणतात. मराठीत धबधबा म्हणायला हरकत नाही, पण कुणी म्हणत नाही. आडवी दिशा म्हणजे फ्रिक्वेन्सी, उभी म्हणजे वेळ. प्रत्येक उभी रेघ म्हणजे कुणीतरी काहीतरी पाठवतंय. पहिल्या दिवशी मला अशा शेकडो रेघा दिसल्या. केवढा आनंद झाला! वाटलं, सगळं जग आलं.

(आवाज: एकसुरी गुरगुर, मधूनच चिरका सूर.)

जग कुठलं, हा माझा मोबाइल चार्जर. हा जिन्यातला एलईडी बल्ब. ही शेजारच्या काकांच्या इन्व्हर्टरची भुणभुण. आणि ही सगळ्यात रुंद, सगळ्यात देखणी रेघ माझ्याच लॅपटॉपच्या ॲडॉप्टरची.

या नादातला पहिला धडा हाच. अँटेना लावली की आधी आपलं घर ऐकू येतं. आजकालच्या प्रत्येक उपकरणात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारं सर्किट असतं, आणि त्यातलं प्रत्येक म्हणजे एक चिमुकलं ट्रान्समीटर. आपल्या आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला ट्यूबलाइट आणि मिक्सर एवढेच शत्रू होते.

मग शोध सुरू होतो. लॅपटॉप बॅटरीवर घ्यायचा आणि घरातले स्विच एकेक करून बंद करायचे. शेवटी मेन स्विच. हे काम घरचे झोपल्यावर करावं. मी क्रिकेटच्या मॅचच्या वेळी केलं होतं.

(दृश्य: अलिबागचा किनारा. नंतर दाट झाडीतली जुनी बैठी इमारत.)

अशी शांतता शोधत फिरणारा मी काही पहिला नाही. महाराष्ट्राच्या नकाशावर ही गोष्ट जागोजागी सापडते.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्याकडून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ या नोंदींत पकडलं गेलं, आणि त्या वादळाची कहाणी जगात कुठेही लिहिली गेली तरी कुलाब्याचं नाव येतंच. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या विजेनं कुलाब्याच्या सुया थरथरणार, हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस. मोजमापं अलिबागला हलली. तिथे लोखंडाचा स्पर्शही नसलेली इमारत उभी राहिली, 1904 मध्ये नोंदी सुरू झाल्या, आणि दोन्ही ठिकाणांचा मेळ बसावा म्हणून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग सोबत चालले. मुंबईत विजेची ट्राम धावली 1907 मध्ये. सुया तोवर खाडीपलीकडे पोचल्या होत्या. शहराच्या गोंगाटाआधी तीन वर्षं सामान बांधणारी अशी सरकारी कचेरी मला दुसरी माहीत नाही.

(दृश्य: दौंड जंक्शन. रेल्वेचे रूळ, पलीकडे मोकळं माळरान.)

दौंड म्हटलं की आपल्याला गाडी बदलणं आठवतं. पण 1927 मध्ये इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात शॉर्टवेव्हवरची बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा इकडून पाठवायचं केंद्र होतं पुण्याजवळ खडकीला आणि तिकडून आलेलं ऐकायचं केंद्र होतं दौंडला. तिकडेही असंच, पाठवणारं ग्रिम्सबीला, ऐकणारं स्केगनेसला. तोंड आणि कान एकाच जागी ठेवले तर आपल्याच ओरडण्यानं कान बसतात, म्हणून ही फारकत.

आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या तीस डिश. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभी केली. जागा निवडताना माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी होता, हे एक मोठं कारण होतं. ती ऐकते त्या लहरी माझ्या शॉर्टवेव्हच्या बऱ्याच वरच्या, आणि माझ्या तारेची तिच्याशी तुलना म्हणजे चुलीची आणि साखर कारखान्याची. पण वैरी तोच.

(दृश्य: पुन्हा गच्ची. हातात साधारण मीटरभर व्यासाचं तांब्याच्या नळीचं कडं.)

लांब तार सगळंच गोळा करते, चांगलं आणि वाईट. म्हणून दुसरी अँटेना केली. एसीवाल्याकडची तांब्याची नळी वाकवून हे कडं केलं, कंड्युट पाइपवर बसवलं, बुडाशी छोटा ॲम्प्लिफायर लावला. हिचा गुण असा, की दोन दिशांना ही बहिरी असते. कडं हळूहळू फिरवायचं. एका कोनात काकांचा इन्व्हर्टर जवळजवळ मिटतो आणि मागून व्हिएतनाम किंवा रुमानिया वर येतं. काकांशी माझे संबंध या कड्यामुळेच टिकले आहेत.

(आवाज: चढउतार होणारी लहर, मागे अस्पष्ट संगीत.)

हा लाटेसारखा येणारा-जाणारा आवाज आपल्याकडे कितीतरी घरांत ओळखीचा होता. 1952 मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, आणि त्या मराठी माणसाच्या शास्त्रीय संगीतावरच्या प्रेमापायी आकाशवाणीवर सिनेमाची गाणी दुर्मीळ झाली. श्रोते गेले रेडिओ सिलोनकडे. अमीन सयानींचा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, विमानानं कोलंबोला जायचा, आणि तिथून शॉर्टवेव्हवर बसून परत मुंबईत यायचा. आवाजातला तो चढउतार म्हणजे शेकडो किलोमीटर उंचीवरच्या आयनोस्फिअरचं, म्हणजे रेडिओलहरी परत जमिनीकडे वळवणाऱ्या विद्युतभारित हवेचं, हलणं. दोन वाटांनी आलेली एकच लहर कधी एकमेकीला मिळते, कधी खोडते. आमच्या आजीला वाटायचं, समुद्रावरून येतं म्हणून हलतं.

लाँगवेव्हचं, म्हणजे शॉर्टवेव्हच्या बऱ्याच खालच्या, लांब लहरींच्या पट्ट्याचं मात्र आपल्याला काही आठवायला नाही. रेडिओ केंद्रांसाठी तो पट्टा युरोप, आफ्रिका आणि आसपासच्या प्रदेशांना दिलेला. आपल्या विजांच्या कडकडाटात त्याचं चाललंही नसतं. आता युरोपातही तो विझत चाललाय. जर्मनीची केंद्रं 2014 च्या अखेरीला थांबली, आयर्लंडचं 2023 मध्ये. ते ऐकायचं तर मी नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा इंटरनेटवरचा रिसीव्हर उघडतो. कुणीही कुठूनही त्याचा काटा फिरवू शकतं. सोय उत्तम आहे. पण दुसऱ्याच्या गच्चीवरच्या तारेनं ऐकणं म्हणजे फोनवरून पुरणपोळी खाणं.

त्याच्याही खाली, 17.2 किलोहर्ट्झवर, स्वीडनमधल्या ग्रिमेटनचं केंद्र आहे. 1920 च्या दशकात उभारलेलं, 127 मीटरचे सहा मनोरे, आणि ट्रान्समीटर म्हणजे गरगर फिरणारं जनित्र. व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर तर नाहीच. अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांची ही रचना 2004 पासून जागतिक वारसा आहे. बहुतेक वर्षी नाताळच्या आदल्या सकाळी तिथले लोक ते यंत्र चालू करून मोर्समध्ये संदेश धाडतात, आणि जगभरचे माझ्यासारखे लोक लाकडी चौकटीवर तार गुंडाळून कान लावतात.

(दृश्य: लाकडी फुलीवर गुंडाळलेली तांबडी वाइंडिंग वायर. तिची दोन टोकं एका डबीतून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात.)

ही माझी चौकट. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली. दुकानदारानं विचारलं, किती एचपीची मोटर? म्हटलं, मोटर नाही, सूर्य बघायचाय. त्यानं वजन करून तार दिली आणि पुढे काही विचारलं नाही.

इथे यूएसबी काडीसुद्धा लागत नाही. लॅपटॉपचं साउंड कार्ड सेकंदाला 48,000 नमुने घेतं, म्हणजे 24 किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी त्याला थेट समजतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन आहे, पाणबुड्यांशी बोलणारं. त्याचा 18.2 किलोहर्ट्झचा सिग्नल बाराशे किलोमीटरवरून माझ्या फुलीत येतो. लहरीची लांबी साडेसोळा किलोमीटर, शनिवारवाड्यापासून जवळजवळ सिंहगडापर्यंत. ते काय बोलतात ते कळायचं कारण नाही आणि मला कळून घ्यायचंही नाही. मी बघतो फक्त त्याचा जोर. दर काही सेकंदांनी एक आकडा, दिवसभर.

(दृश्य: पडद्यावरचा आलेख.)

सूर्यावर ज्वाळा उसळली, की तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात आणि आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा थर एकदम दाट करतात. तिरुनेलवेलीच्या सिग्नलचा जोर बदलतो. आलेखात सरळसोट चढण, मग सावकाश उतार. कोकणातून घाट चढावा आणि देशावर उतरत जावं तसा. पहिला घाट मला दिसला तेव्हा मी तासभर सगळे चार्जर तपासत होतो.

(दृश्य: रात्र. खानापूर तालुक्यातलं एक शेतघर. कंदील.)

मावशीच्या गावी मी मे महिन्यात जातो. सकाळी कडं, फुली आणि तार एसटीच्या टपावर टाकायला निघालो की कंडक्टर वाद घालतो, पण तिथली रात्र त्या वादाच्या मोलाची आहे. बांधावरच्या आंब्याला तार बांधली. वळवाचं वातावरण होतं, दूर विजा. जवळ आल्या तर सगळं सोडवून ठेवायचं, हे मावशीला कबूल केलेलं. विजेचा प्रत्येक लोळ पडद्यावर आडवी रेघ मारत होता. कानात फुलीचा आवाज घेतला तर कडकडाटाच्या मधे पाखरासारखं काहीतरी टिवटिवत होतं. रात्री हा आवाज येतो. विजेची लहर जमीन आणि आयनोस्फिअर यांच्यामधून लांबवर घरंगळत येते, तेव्हा तिचे खालचे सूर मागे रेंगाळतात, त्याची ही टिवटिव.

आठच्या सुमारास लाइट गेली. सगळ्या गावाची.

पडद्यावरचं निळं एकदम गडद झालं. धुकं उठावं तसं. जिथे काही नव्हतं तिथे बारीक रेघा उभ्या राहिल्या. 6676 किलोहर्ट्झवर मुंबई व्होल्मेट, विमानांसाठी हवामान वाचणारा आवाज, एकेका विमानतळाचं वारं, ढग, तापमान.

मावशी कंदील घेऊन आली. "अरे, लाइट गेली तरी तुझं काय चाललंय?"

"लाइट गेली म्हणूनच चाललंय, मावशी."

"कोण बोलतंय हे?"

"मुंबई. पाऊस कुठे आहे ते सांगतेय."

ती बांधावरच टेकली. "आपल्याकडं कधी येणार म्हणते?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात गावाकडून पोरांचा गलका उठला. "आली! आली!" पडद्यावर डावीकडून उजवीकडे पिवळा पट्टा पसरला, आणि मुंबई त्याच्याखाली गेली. मावशीनं कंदिलाची वात खाली केली.

"चल आता, जेवायला बसू. पंखा लागलाय."