सौरचक्र उतरू लागले की सौरडाग दुबळे होतात का?

नमस्कार. ऑक्टोबर 2024 मध्ये 25 व्या सौरचक्राने, म्हणजे सूर्यावरील काळे डाग वाढण्या-घटण्याच्या आवर्तनाने, शिखर गाठले, आणि तेव्हापासून प्रेक्षकांचा एकच प्रश्न वारंवार येत आहे: आता प्रत्येक डाग लहान, फिकट आणि दुबळा होत जाणार का?

डागाची मधली काळी प्रच्छाया, तिच्याभोवतीची तंतुमय उपच्छाया आणि सुमारे 11 वर्षांचे चक्र आपल्याला ठाऊकच आहे. चक्राबरोबर डागांची संख्या बदलते आणि नवे डाग विषुववृत्ताच्या अधिकाधिक जवळ उमटू लागतात. एखाद्या डागाची अंतर्गत रचना मात्र मुख्यतः त्याच्या आकारावर ठरते.

कोडाईकनाल वेधशाळेतील 1923 ते 2011 या काळातील छायाचित्रे तपासली गेली, तेव्हा उपच्छायेचे क्षेत्रफळ प्रच्छायेच्या साधारण साडेपाच ते सहा पट आढळले. डाग मोठा असेल तर हे गुणोत्तर किंचित वाढते. चक्र जोमदार आहे की मंद, चढते आहे की उतरते, याने त्यात फरक पडत नाही.

मग ‘डाग नाहीसे होणार’ ही बातमी आली कुठून, असे एका प्रेक्षकाने तळमळीने विचारले आहे. अमेरिकेतील किट पीक वेधशाळेत पेन आणि लिव्हिंग्स्टन या खगोलशास्त्रज्ञांनी अवरक्त प्रकाशात केलेल्या मोजमापांत 1998 नंतर प्रच्छायेचे सरासरी चुंबकीय क्षेत्र दरवर्षी सुमारे 50 गॉसने (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घटताना दिसले, आणि 1500 गॉसच्या खाली काळा डाग उरत नसल्यामुळे ते भाकीत पुढे आले. वर्गातील उंच मुले निघून गेली तर सरासरी उंची घटते, पण कोणाचीही उंची कमी झालेली नसते. तसेच मोजणीत क्षीण चुंबकीय क्षेत्राच्या लहान डागांचे प्रमाण वाढले की सरासरी चुंबकीय क्षेत्र उतरते. सरासरीचा उतार प्रत्येक डागाच्या माथी मारणे मला मनापासून खटकते, कारण त्यातून सूर्य विझत चालल्याच्या अफवा पसरतात.

तरीही शंका असेल, तर 24 वे चक्र पाहा. शंभर वर्षांतील सर्वांत मंद चक्रांपैकी ते एक होते आणि एप्रिल 2014 मध्ये त्याचे शिखर सरले. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 12192 क्रमांकाचा जो डागसमूह दिसला, तो त्याआधीच्या जवळपास 24 वर्षांतील सर्वांत मोठा होता.

म्हणून आपण काढलेली सौरडागांची छायाचित्रे पाठवताना दोन वेगवेगळ्या वर्षांतील समान क्षेत्रफळाचे डाग शेजारी ठेवा, आणि प्रच्छाया व उपच्छाया वेगवेगळ्या मोजा.