न्यूबराच्या परसातील फळबागा

स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात, टे नदीच्या दक्षिण काठावर न्यूबरा हे छोटे गाव आहे. मुख्य रस्त्यावरून चालणाऱ्याला येथील बागा दिसत नाहीत, कारण त्या घरांच्या मागे आहेत. मध्ययुगीन आखणीनुसार घरामागे निघणाऱ्या लांब, अरुंद पट्ट्यांमध्ये सफरचंद, नाशपाती आणि प्लमची झाडे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. या परंपरेचा उगम गावालगतच्या लिंडोर्स मठात मानला जातो. बाराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या या मठाचे आज केवळ अवशेष उरले आहेत.

परसातली बाग जाते तीही कोणाच्या लक्षात न येता. एका पट्टीवर घर उभे राहते, दुसरीकडे म्हातारे झाड वादळात पडते, आणि त्या झाडाचे नाव ठाऊक असलेले शेवटचे माणूस तोवर निघून गेलेले असते. ही हानी बी पेरून भरून निघत नाही. सफरचंदाच्या बीपासून उगवणारे रोप मूळ झाडासारखे फळ देत नाही. वाण टिकतो तो केवळ कलमाने. म्हणूनच न्यूबरा ऑर्चर्ड ग्रुपच्या माध्यमातून एकत्र आलेल्या रहिवाशांच्या कामाचे मोल मोठे आहे.

कोणत्या परसात काय उभे आहे, याची नोंद ही अशा कामाची पहिली पायरी. त्यानंतर येते ओळख पटवणे, आणि ते सोपे नाही. फळ उभे चिरून देठाची लांबी, देठाजवळचा खळगा, खालच्या टोकाचा मिटलेला किंवा उघडा डोळा, सालीवरचा खरबरीतपणा आणि बियांच्या कप्प्यांचा आकार पाहिला जातो. पण एकाच झाडावरची दोन फळेही कधी निराळी दिसतात, म्हणून जाणकार एका फळावर विसंबत नाहीत. आता पानांतील डीएनएची तुलना केंट परगण्यातील ब्रॉगडेल येथील राष्ट्रीय फळसंग्रहाशी करता येते, जिथे सफरचंदाचे २,००० हून अधिक वाण जतन केलेले आहेत. मात्र नमुना कशाशीच जुळला नाही, म्हणजे हरवलेला वाण सापडला, असे लगेच म्हणता येत नाही, कारण ते आपोआप उगवलेले बियांचे झाडही असू शकते. निष्कर्षाची घाई न करणे हाही संशोधनाचाच भाग आहे.

हिवाळ्यात झाड सुप्तावस्थेत असताना गेल्या वर्षीच्या वाढीतली, पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी कापतात. ती ओलसर, थंड जागी ठेवून वसंताच्या तोंडावर कलम बांधले जाते. काडी आणि खुंट, म्हणजे ज्या मुळे असलेल्या रोपावर ती जोडायची ते रोप, या दोन्हींना सारखा तिरका छेद देऊन, सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूने तरी नेमका भिडेल असे बसवून, त्यावर पट्टी घट्ट गुंडाळतात. हा थर चुकला तर काडी वाळते. खुंटाची निवडही तितकीच महत्त्वाची असते, कारण व्यापारी बागांतला बुटका खुंट झाड लवकर फळाला आणतो, पण जुन्या बागेतली उंच, दीर्घायुषी झाडे त्यावर उभी राहत नाहीत.

वाणाचे नाव निश्चित झालेले नसले, तरी काडी मात्र घ्यावी लागते, कारण झाड तेवढे थांबेलच असे नाही. अशा रोपाच्या चिठ्ठीवर वाणाच्या नावाची जागा कोरी ठेवून, काडी कोणत्या परसातल्या कोणत्या झाडाची आहे, एवढे नीट लिहून ठेवले, तर पुढे ओळख पटल्यावर ते नाव त्या रोपालाही देता येते.