थायरॉइडच्या गोळीला पर्याय आहे का? समुद्री शेवाळ, कांचनार आणि सकाळचा चहा

[गोळ्यांची बाटली कॅमेऱ्याजवळ]

नमस्कार. ही लेव्होथायरॉक्सिनची बाटली. थायरॉइड कमी असलेल्यांना बहुतेक वेळा जन्मभर घ्यावी लागते, म्हणून "दुसरं काही नाही का हो?" हा प्रश्न येतोच. आहे की. पण कुठलाही पर्याय समोर आला की आधी एक विचारा: यातून हार्मोन मिळतं का?

कारण आपली थायरॉइड ग्रंथी टी-फोर हे तिचं मुख्य हार्मोन पुरेसं बनवत नाहीये. बऱ्याचदा शरीराची प्रतिकारशक्तीच तिच्यावर उलटलेली असते. त्याला हाशिमोटो म्हणतात आणि अँटी-टीपीओ नावाच्या रक्ततपासणीत ते कळतं. गोळीत तेच टी-फोर असतं. विहीर आटली तर बाहेरून पाणी आणावं लागतं, रहाट बदलून भागत नाही.

आता समुद्राकडे वळू. "आयोडीन कमी पडतं, समुद्री शेवाळाची पावडर घ्या," असं हल्ली सर्रास सांगतात. मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागतं 150 मायक्रोग्रॅम. केल्प जातीच्या शेवाळाच्या एका ग्रॅममध्येच हजारावर निघू शकतं. आणि आयोडीन अती झालं की ग्रंथी हार्मोन बनवणं थांबवते. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते, हाशिमोटोची सावरेलच असं नाही. म्हणजे औषध म्हणून घेतलं आणि टीएसएच आणखी चढला. (टीएसएच म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारा मेंदूतला इशारा; टी-फोर कमी पडलं की तो वाढतो.) बांगडा, तारली, कोळंबी मात्र बिनधास्त खा.

उलटी चूक मिठागरावरच्या जाड्या मिठाची. समुद्राचं म्हणून त्यात आयोडीन असणार, असं वाटतं. नसतं, जवळजवळ नाहीच. सैंधवातही नाही. आयोडीनयुक्त पाकिटातल्या मिठात ग्राहकापर्यंत पोहोचताना ग्रॅमला किमान 15 मायक्रोग्रॅम असावं लागतं. जाडं मीठ खारवायला, लोणच्याला वापरा. रोजच्या आमटीत पाकिटातलं, आणि डबा घट्ट बंद. पावसाळ्यात मीठ पाझरलं की आयोडीनही कमी होतं.

आता वैद्यकी. कांचनार गुग्गुळ गलगंडावर जुन्या काळापासून देतात. गुग्गुळाने थायरॉइडला चालना मिळते, हे मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. त्याने माणसाची गोळी सुटते असा भक्कम पुरावा नाही. अश्वगंधाची गोष्ट जरा वेगळी. 2018 मध्ये 50 जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, रोज 600 मिलीग्रॅम मुळाचा अर्क, टीएसएच सुधारला. पण ते सगळे सौम्य, म्हणजे सबक्लिनिकल गटातले होते, आणि 50 माणसं म्हणजे फारच थोडी. शिवाय गोळीच्या जोडीला अश्वगंधा घेतली तर हार्मोन जास्त होऊन धडधड, हातांना कंप असं होऊ शकतं, क्वचित यकृतालाही इजा होते. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. गरोदरपणात अजिबात नको.

सर्वांगासन, उज्जायी करा, अंग हलकं वाटेल. "गळ्यावर दाब पडला की ग्रंथी जागी होते" हे मात्र सोडून द्या.

हार्मोन देणारे खरे पर्याय दोनच. डुकराच्या वाळवलेल्या ग्रंथीची गोळी: एका ग्रेनमध्ये (हे तिचं जुनं वजनी माप) साधारण 38 मायक्रोग्रॅम टी-फोर आणि 9 टी-थ्री, म्हणजे ग्रंथीचं दुसरं, जास्त जोरकस हार्मोन. माणसाच्या मानाने टी-थ्री जास्त, म्हणून छाती धडधडते. दुसरा, लेव्होथायरॉक्सिनच्या जोडीला थोडं टी-थ्री, म्हणजे लायोथायरोनिन. टीएसएच नीट असूनही थकवा जात नसेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, काही जणांना देऊन बघतात. हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील तर नाही.

[चहाचा कप आणि बाटली शेजारी शेजारी]

खरी गोम बऱ्याचदा इथे असते. "गोळी लागू पडत नाही" म्हणणारा माणूस ती चहाबरोबर घेत असतो. गोळी साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी. मग अर्धा ते एक तास चहा नाही, पेज नाही, नाचणीचं आंबील नाही. लोह, कॅल्शियम, ॲसिडिटीचं पातळ औषध यांत चार तासांचं अंतर. पहाटे जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्या. पण वेळ एकच धरा.

बाटली चुलीजवळ नको, फ्रिजच्या डोक्यावर नको, न्हाणीतल्या फळीवर तर नकोच. ऊन, उष्णता आणि कोकणातली जून-जुलैची दमट हवा, तिन्हींनी गोळीचा कस उतरतो. आतली सिलिकाची पुडी फेकू नका आणि महिन्याच्या गोळ्या एकदम डबीत काढून ठेवू नका.

डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. आधी केला तर आकडा फसवतो, कारण टी-फोर अर्धं व्हायलाच आठवडा लागतो. गोळी अजून सुरूच झाली नसेल, टीएसएच वाढलेला पण दहाच्या आत आणि टी-फोर नॉर्मल असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा; कधीकधी तो आपोआप खाली येतो आणि गोळी लागतच नाही. दिवस राहिले असतील तर मात्र वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा, डोस वाढवावा लागतो.

आणि केस गळतात म्हणून बायोटिन हे व्हिटॅमिन चालू असेल, तर रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी ते बंद करा. त्याने काही लॅबच्या यंत्रात टीएसएच खोटाच कमी दिसतो. त्या दिवशी सकाळची गोळीही रक्त दिल्यावरच घ्या.