जुन्या पद्मिनीची देखभाल

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर छापलेल्या विषयाकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एक तक्रार मांडल्यावाचून मला पुढे जाववणार नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीच्या इंजिनाची आणि स्टिअरिंगजवळच्या गिअरची ही प्रीमियर पद्मिनी गाडी ओळख करून देण्याजोगी या सभागृहात तरी नाही.

तक्रार अशी की, गाडी सुरू होईना झाली की दोष शोधण्याऐवजी एकेक भाग बदलत सुटण्याची आपल्या गॅरेजांना खोड आहे. माझ्या गाडीचा स्टार्टर कण्हत कण्हत फिरू लागला, तेव्हा एका गॅरेजने आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर खोलला, आणि तरीही भागेना म्हणून कॉइल व प्लगही नवे घातले. (त्या गॅरेजात विजेचा दाब मोजणारा मल्टिमीटर मागितल्यावर हातोडा पुढे आला, हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही.) शेवटी एका सकाळी चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावे म्हणून ओढायची दांडी, ओढून स्टार्टर मारताना चोकच्या तारेचा बोटांना चटका बसला आणि उलगडा झाला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी असते. ती बोल्टपाशी हिरवी पडून कुजली होती, आणि स्टार्टरचा सगळा प्रवाह बॅटरीकडे परतीची वाट शोधत त्या बारीकशा तारेतून धावत होता. पट्टीची टोके पॉलिशपेपरने घासून बोल्ट आवळला, एवढाच काय तो इलाज.

पडताळा घरीही घेता येतो. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे इंजिनच्या ब्लॉकला लावून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर बॅटरीला नव्हे, अर्थिंगला दोष द्यावा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा मूळ विषय आता धावत्या गाडीतूनच पाहावा लागेल. स्टार्टर जोमाने फिरूनही इंजिन लागत नसेल, तर आधी प्लगची ठिणगी पाहावी. ती फिकट असेल तर प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्कबिंदू, साफ करून त्यांची फट फीलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजावी. ठिणगी ठीक असूनही उन्हात, घाट चढल्यावर इंजिन बंद पडत असेल, तर पेट्रोलची पाइपात वाफ झालेली असते; पंपावर ओले फडके ठेवून थोडे थांबावे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाने जुने रबर फुगते आणि चिरते, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा वेळेवर बदलावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, ते दर दोन वर्षांनी नवे भरावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये.

टायरचा विषय राहिलाच. त्याच्या कडेवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. गोटा झाला नसला तरी वय झालेला टायर काढावा. मल्टिमीटर पिशवीत आहे आणि गाडी फाटकापाशी उभी आहे; ज्यांना अर्थिंगची पट्टी नेमकी कुठे असते ते पाहायचे असेल, त्यांनी चहा घेऊन तिकडे यावे.