मत नाही, पण सही चालते: पोलंडमधल्या तोरुन शहराविषयी

मंडळी, नमस्कार.

उद्या सकाळच्या शहरफेरीत सगळे आधी खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसच्या पुतळ्याकडे धावतील, ते साहजिकच आहे. पण वेळ कमी पडला तर पुतळा राहू द्या आणि नदीकाठचा संडास बघून या. थट्टा नाही. ट्यूटॉनिक सरदारांच्या, म्हणजे धर्मयुद्धं लढणाऱ्या जर्मन ख्रिस्ती संघटनेच्या, किल्ल्याचा सगळ्यात धड उरलेला भाग म्हणजे त्यांचं शौचकूप, पोलिशमध्ये ग्दानिस्को. विटांचा उंच बुरूज, किल्ल्यापासून तिथवर कमानींवरून नेलेली झाकलेली वाट, आणि खाली ओढा. मैला थेट पाण्यात पडे आणि पुढे विस्वा नदीत जाई. नकाशात व्हिस्तुला म्हणतात ती हीच.

बाकीचा किल्ला कुठे गेला? गावकऱ्यांनी पाडला. या सरदारांनीच 1233 साली तोरुनला शहराची सनद दिली होती. सुरुवातीची वस्ती पुराच्या पाण्यात जाई, म्हणून 1236 मध्ये गाव नदीच्या वरच्या अंगाला, आजच्या जागी हलवलं. 1264 मध्ये शेजारी 'नवं शहर' वसलं, त्याची सनद वेगळी, बाजारचौक वेगळा. दोन्हींच्या मधोमध किल्ला. व्यापार वाढला तसे कर वाढले, आणि धान्याच्या व्यापारात सरदार स्वतःच उतरू लागले. व्यापाऱ्याचा राजाच प्रतिस्पर्धी झाला, की भांडण अटळ. 1440 मध्ये प्रशियातल्या शहरांनी आणि जमीनदारांनी संघ स्थापला. फेब्रुवारी 1454 मध्ये तोरुनकरांनी किल्ला घेतला आणि पुन्हा कोणी तिथे बसू नये म्हणून उद्ध्वस्त केला. त्याच वर्षी जुनं आणि नवं शहर एक झालं. पोलंडच्या राजाच्या बाजूने तेरा वर्षं युद्ध चाललं आणि 19 ऑक्टोबर 1466 रोजी तह झाला तो याच गावात.

कोपर्निकस इथे जन्मला ते 1473 मध्ये. त्याचे वडील तोरुनचे नव्हते. ते क्राकूवहून आलेले तांब्याचे व्यापारी. इथे स्थायिक झाले, इथल्या वजनदार घराण्याचे जावई झाले आणि शहराच्या न्यायमंडळावरही बसले. सासरे सरदारांच्या विरोधातले पुढारी. बाहेरून आलेला माणूस शहराच्या कारभारात कसा शिरतो, याचं हे जुनं उदाहरण आहे. आपणही बाहेरून आलेले, म्हणून ते लक्षात ठेवा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जुलै 1724 मध्ये एका मिरवणुकीवरून कॅथलिक जेझुइट शाळेचे विद्यार्थी आणि प्रोटेस्टंट लुथरपंथी गावकरी यांच्यात दंगल झाली. ती आवरली नाही म्हणून नगराध्यक्ष र्‍योस्नर यांच्यावर खटला झाला आणि डिसेंबरात त्यांचा व आणखी नऊ जणांचा शिरच्छेद झाला. पुढे 1793 मध्ये शहरावर प्रशियाची सत्ता आली, मधली काही वर्षं वॉर्सा संस्थानाची, पुन्हा प्रशियाची. 18 जानेवारी 1920 रोजी पोलिश सैन्य शहरात आलं. दुसऱ्या महायुद्धात इमारती बऱ्याच वाचल्या, माणसं नाही: 1939 च्या शरद ऋतूत बार्बार्काच्या जंगलात शेकडो नागरिकांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यापीठ 1945 चं. विल्नो (आजचं विल्नियस) शहर सोव्हिएत हद्दीत गेल्यावर तिथले प्राध्यापक इथे आले आणि त्यांच्यामुळे ते उभं राहिलं.

खाण्याचं थोडक्यात. इथल्या प्येर्निकमध्ये, म्हणजे मसालेदार जिंजरब्रेडमध्ये, मध, पीठ, दालचिनी, लवंग, आलं, वेलदोडा, मिरी असतं. पिठाचा गोळा जुन्या पद्धतीत कित्येक आठवडे मुरवतात आणि लाकडी साच्यात दाबून भाजतात. विकत घेताना कडक शोभेचा आणि मऊ खायचा यात गल्लत करू नका, दात जातो.

आता कामाचं. 1999 च्या पुनर्रचनेत या प्रांताची राजधानी तोरुन आणि बिद्गोश्च या दोन शहरांत वाटली गेली. प्रांताची निवडून आलेली सभा आणि तिचा मार्शल इथे. केंद्र सरकारचा प्रतिनिधी, म्हणजे वोयेवोदा, बिद्गोश्चला. कार्ता पोबितु, म्हणजे परदेशी माणसाचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड, हे वोयेवोदाचं काम. त्याची शाखा तोरुनमध्ये आहे, पण महापालिकेच्या खिडकीवर त्याची चौकशी करू नका. तुमचा मेल्दुनेक, म्हणजे पत्त्याची नोंद, मात्र पालिकेतच होते, आणि युरोपीय संघाबाहेरच्यांना नव्या पत्त्यावर आल्यापासून चौथ्या दिवसापर्यंत ती करायची असते.

पालिकेच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही. ते पोलिश आणि युरोपीय संघाच्या नागरिकांना. त्यामुळे आपले लोक पालिकेकडे पाठ फिरवतात. इथे चूक होते. कायद्यात दोन शब्द आहेत: ओबिवातेल म्हणजे नागरिक, म्येश्कान्येत्स म्हणजे रहिवासी. काही हक्क रहिवाशाला आहेत, पासपोर्ट कुठला हे त्यात विचारलेलं नाही.

पहिला हक्क 'नागरिक अंदाजपत्रका'चा, म्हणजे शहराच्या पैशातला एक हिस्सा कशावर खर्चायचा ते लोकांनी प्रस्ताव आणि मत देऊन ठरवण्याचा. नावात नागरिक असलं तरी मत रहिवाशांचं. पोलंडमध्ये हे 2011 साली सोपोत शहरापासून सुरू झालं. आता जिल्ह्याचा दर्जा असलेल्या शहरांना सक्तीचं आहे आणि खर्चाच्या किमान 0.5 टक्के रक्कम त्यासाठी ठेवावी लागते. प्रस्तावाला लागणाऱ्या सह्या त्या भागातल्या लोकसंख्येच्या 0.1 टक्क्यापेक्षा जास्त मागता येत नाहीत. दहा हजारांच्या वस्तीत दहा सह्या. तोरुनची वस्ती दोन लाखांच्या आत, म्हणजे अख्ख्या शहराच्या प्रस्तावालाही दोनशेच्या आतच. तारखा आणि अर्जाचा नमुना दरवर्षी पालिका जाहीर करते.

प्रस्ताव पडतो तो बहुधा जमिनीच्या प्रश्नावर. बाक किंवा खेळाचं मैदान मागितलेली जमीन पालिकेची नसते, हाउसिंग सोसायटीची असते. म्हणून आधी प्लॉट क्रमांक काढा, मालकी तपासा, मग सह्या. जुन्या शहरात काही उभारायचं तर वारसा अधिकाऱ्याची संमती लागते. 1997 पासून तो भाग जागतिक वारसा यादीत आहे. आणि खर्चात वीज, पाणी, कुंपण धरा. नुसत्या झोपाळ्याची किंमत लिहिली की छाननीत आकडा फुगतो आणि प्रस्ताव मर्यादेबाहेर जातो.

दुसरा हक्क फार कमी जणांना ठाऊक आहे. नगराध्यक्ष, ज्यांना इथे 'प्रेझिडेंट' म्हणतात, दरवर्षी 31 मेपर्यंत शहराच्या स्थितीचा अहवाल परिषदेला देतात. त्यावरच्या चर्चेत रहिवासी बोलू शकतो. पन्नास जणांच्या सह्यांसह लेखी अर्ज परिषदेच्या अध्यक्षांकडे, उशिरात उशिरा सभेच्या आदल्या दिवशी. परिषदेने आकडा वाढवला नाही तर पंधराच जणांना संधी मिळते, आणि क्रम अर्ज आल्याचा, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. भाषण पोलिशमध्ये करायचं, तेव्हा मुद्दा एकच ठेवा: बसथांबा, फुटपाथ, बालवाडी, जे असेल ते.

आणि पिट, म्हणजे इथला प्राप्तिकर. प्राप्तिकराचा एक हिस्सा तुम्ही राहता त्या शहराला जातो. घर तोरुनला आणि विवरणपत्रावर पत्ता वॉर्साच्या जुन्या खोलीचा, असं असेल तर ते पैसे वॉर्साला. नोकरदारांनी झाप-3 हा अर्ज कर कार्यालयात देऊन पत्ता बदलावा किंवा 30 एप्रिलपर्यंतच्या विवरणपत्रात नवा पत्ता लिहावा. झाप-3 चे कोरे अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत, पेन स्वतःचं आणा.