मेन पाडला तरी उठणारा सिंथ

(इंदूरमधल्या एका संगीत मंडळात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'रास्पबेरी पायवरचा सिंथ : सुरू आणि बंद होतानाच्या अडचणी'. वेळ चाळीस मिनिटं. त्यातली बरीचशी सत्कारात गेली. शाल छान आहे, तक्रार नाही. समोर निम्मे पेटीवाले आणि निम्मे सोल्डरिंगवाले दिसताहेत. 'पाय' म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक आणि त्यावर चालणारा सिंथ म्हणजे सिंथेसायझर; याहून जास्त हवं असेल त्यांनी शेजाऱ्याला विचारावं.

माझा हट्ट एवढाच आहे, की वाद्य बंद करायला वादकाने कुणाची परवानगी मागायची नसते. पेटीचा भाता बंद केला, झाकण लावलं, झालं. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं बटण फिरवलं की तो गप्प. यामाहाचा १९८३चा डीएक्स-७ सिंथेसायझर घ्या. मैफलीच्या मध्यात लाइट गेली तरी आतल्या छोट्या बॅटरीवर त्याचे आवाज शाबूत राहायचे. आणि आपण चाळीस वर्षांनी लिनक्स नावाची अख्खी संगणक-प्रणाली डब्यात कोंबतो आणि वादकाला सांगतो, मेन्यूत जा, शटडाउन निवडा, आता थांबा. भैरवीनंतर कोण थांबतो हो? सगळ्यांना सराफ्यात भुट्ट्याचा कीस गाठायचा असतो.

गणेशोत्सवातली गोष्ट सांगतो. हॉलचं नाव घेणार नाही, कारण मला तिथे पुन्हा वाजवायचंय. नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता, ऑर्गनची साथ माझ्या डब्यातून. म्हणजे पायवर पायपेटी. (हसला नाहीत, ठीक आहे, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला नसेल.) गाणं रंगलं, 'वन्स मोअर' झाले, वेळ पुढे गेली. इकडे हॉलचा चौकीदार जिन्यापाशी किल्ल्या वाजवत उभा. शेवटची टाळी पडते न पडते तोच त्याने बोर्डावरचा मेन खाली ओढला. अंधार. गायिका पायरी चाचपडते आहे, तबलजी हातोडी शोधतोय. मी ओरडलो, "अरे भिया, मशीन बंद होऊ दे!" वरून आवाज आला, "हो तो गया बंद!" मी म्हटलं, तसं नाही, नीट बंद. तर तो म्हणतो, "भिया, बिजली का बिल भी नीट भरोगे क्या?"

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मंडळात डबा लावला. पडद्यावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन आला आणि तिथेच थांबला. हिरवा दिवा सात-सात वेळा लुकलुकतोय. आमचे पेटीवाले काका पान जुळवत म्हणाले, "माझी पेटी कधी हँग होत नाही." मीही सुनावलं, की तुमच्या पेटीला आकाशवाणीने १९४० ते १९७१ दारातच उभं केलं होतं, विसरलात? त्यावर ते म्हणाले, "उभी होती, पण चालू होती." टाळी काकांना.

तर त्या रात्री झालं काय? लिनक्स लिहायला सांगितलेलं लगेच पायच्या मेमरी कार्डावर (एसडी कार्डावर) लिहीत नाही. दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत टिपतो आणि सावकाश पक्क्या खात्यात चढवतो, तसं ते मेमरीत साठवून काही सेकंदांनी खाली उतरवतं. मधेच वीज गेली की खातं अर्धवट. शिवाय एसडी कार्डाच्या आतला कंट्रोलर स्वतःच्या सोयीने डेटा इकडून तिकडे हलवत असतो. तेव्हा वीज गेली तर तुम्ही हातही न लावलेली फाइल बिघडू शकते. आमच्या वेळी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, फाइलच गेली. चौकीदारावर मी अजून चिडलेलो आहे, पण मेन पडणार हे धरूनच डबा बांधायला हवा. हॉलमध्ये पाडतील, नाहीतर पावसाळ्यात वीज मंडळ पाडेल.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं, मग मूळ विषय पळत पळत.

सुरूच होत नाही? आधी केबल बघा, कार्ड नंतर. पाय ४ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, पाय ५ला ५ व्होल्ट, ५ अँपिअर. मोबाइलचा चार्जर आणि जेल रोडच्या बाजारातली बारीक तार लावली की दाब ४.६३ व्होल्टच्या खाली येतो आणि पाय कुरकुरतो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड' (vcgencmd get_throttled) ही आज्ञा द्या. शून्य आलं तर वीज ठीक. दिवा चार वेळा लुकलुकला तर स्टार्टची फाइल सापडत नाही, सात वेळा तर कर्नल. दोन्हींत कार्ड नव्याने लिहा.

लोगोपर्यंत येऊन अडकतो? बहुतेक वेळा जॅकला, म्हणजे आवाज साउंड कार्डाकडे पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमला, साउंड कार्ड मिळालेलं नसतं. सेटिंगमध्ये कार्डाचा नंबर दिलेला असतो, आणि एचडीएमआय किंवा यूएसबी जोडलं की नंबर बदलतात. नंबराऐवजी कार्डाचं नाव लिहा.

बंद व्हायला दीड मिनिट घेतो? आवाज बनवणारं एखादं इंजिन 'थांब' म्हटल्यावर ऐकत नाही आणि सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधले प्रोग्रॅम सुरू-बंद करणारा कारभारी, नव्वद सेकंद त्याची समजूत काढत बसतं. त्या सर्व्हिसची मुदत दहा सेकंदांवर आणा. बंद होऊन, प्लग काढूनही लाल दिवा जळतोय? स्वतःची वीज असलेला यूएसबी हब उलटा पायला खाऊ घालतोय. आधी तो काढा.

बटण हवं असेल तर पाय ४वर जीपीआयओ ३ (बोर्डावरची एक पिन) आणि ग्राउंडमध्ये लावा. कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउनची ओळ घातली की तेच बटण झोपवतं आणि उठवतंही. पण तीच पिन आय-टू-सीची, म्हणजे बोर्डांनी आपसात बोलायची, तारसुद्धा आहे. तुमचा डॅक (डिजिटलचा आवाज करणारा बोर्ड) किंवा नॉबचा बोर्ड तिच्यावर बोलत असेल तर तिथे बटण लावू नका. पाय ५वर बटण आधीच आहे.

आणि ज्यासाठी मी शाल घेतली ते. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये ओव्हरले फाइल सिस्टम चालू करा, बूटचा भागही फक्त वाचण्यापुरता ठेवा. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळं मेमरीत, वीज गेली की पुसलं. तोटा असा, की नवे आवाजही पुसले जातात आणि बिघाडाच्या नोंदीही. म्हणून आवाज वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, आणि दोष शोधताना आधी ओव्हरले काढा, बिघाड पुन्हा होऊ द्या आणि मग त्याची नोंद वाचा. फक्त डीएक्स-७चेच आवाज हवे असतील तर पायवरच चालणारा मिनीडेक्स्ड हा सिंथ बघा. त्यात लिनक्सच नाही, काही सेकंदांत उठतो, आणि आवाज साठवत नसाल तेव्हा खुशाल प्लग ओढा.

ओव्हरले लावलेली काही कार्डं मी करून आणली आहेत. ज्यांनी पाय आणलाय त्यांनी पुढे या, पण कार्ड मिळण्याआधी तुमची केबल बघणार.